लाडाचा कुत्रा, कामाचा कुत्रा

वाशिम जिल्ह्यातून प्रवासी विमान उडत नाही. मंगरुळपीरच्या माणसाला विमान धरायचं तर बहुतेक वेळा शेलुबाजारला समृद्धी महामार्गावर लागायचं आणि नागपूर गाठायचं. एवढा आटापिटा करून काउंटरवर ‘कुत्रा चालणार नाही’ असं ऐकावं लागलं, तर तिकीटही गेलं आणि दिवसही. आणि तो कुत्रा म्हणजे त्या माणसाचे डोळे असले तर?

लाडाचा कुत्रा वेगळा, कामाचा वेगळा. अंध माणसाचा वाटाड्या कुत्रा पायरी आली की थांबतो. त्याच्या पाठीवरच्या पट्ट्याला कडक दांडी असते. तो थांबला हे त्या दांडीतून मालकाच्या हाताला कळतं आणि मगच पाऊल पुढे पडतं. विमानात तो मालकाच्या पायाशी पडून राहतो. शेजारी कुणी डबा उघडला तरी मान वर करायची नाही, हेही त्याला शिकवलेलं असतं.

अमेरिकेत हा फरक पुसला गेला होता. मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी दाखवली की ‘भावनिक आधाराचं’ जनावर विमानात फुकट. मग चिठ्ठ्या ऑनलाइन विकल्या जाऊ लागल्या. जानेवारी २०१८ मध्ये नेवार्क विमानतळावर एक बाई चक्क मोर घेऊन आल्या. विमान कंपनीने त्याला नेलं नाही. अखेर ११ जानेवारी २०२१ पासून नियम बदलला. हक्क उरला तो अपंगत्वासाठी शिकवून तयार केलेल्या कुत्र्याचा. मानसिक आजारासाठी शिकवलेला कुत्राही त्यात धरला, हे फार योग्य झालं.

‘टॉमीशिवाय मला करमत नाही’ यात खोटं काही नाही. पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणाऱ्यांना जनावराची माया सांगायला नको. पण त्या मायेचं भाडं आपण भरावं. खोटी चिठ्ठी दाखवून एक लाडका चढला, की पुढच्या खऱ्या वाटाड्याकडे संशयाने बघितलं जातं.

आपल्याकडे अकासा विमान कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पाळीव प्राण्यांना केबिनमध्ये घेतलं, तेव्हा मर्यादा होती पिंजऱ्यासकट ७ किलो. वाटाड्या लॅब्राडॉर भरतो २५-३० किलो. त्याला या मापात बसवायचंच नसतं. प्रशिक्षणाचा दाखला आणि लसीकरणाचे कागद असले, तर एअर इंडिया असा कुत्रा केबिनमधून फुकट नेते. हे काउंटरवरच्या पोराला पाठ हवं. कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का? काम कोणतं शिकलाय? एवढं विचारा, कागद बघा आणि बोर्डिंग पास हातात द्या.