हात वर करणाऱ्याचा भाव

नोव्हेंबर 2024, जेद्दा, आयपीएलचा लिलाव. ऋषभ पंतवरची लखनऊची बोली 20 कोटी 75 लाखांवर थांबली. मग दिल्लीने आपला जुना खेळाडू त्याच किमतीला परत घेण्याचा हक्क पुढे केला. नियमाप्रमाणे लखनऊला एकदाच नवा आकडा सांगायची मुभा होती. त्यांनी सांगितला: 27 कोटी. दिल्लीने माघार घेतली.

एका दमात सव्वासहा कोटी वाढले. तेवढ्या वेळात पंत सव्वासहा कोटींनी चांगला फलंदाज झाला होता का?

अख्खा संघ उभारायला 120 कोटी, त्यातले 27 एकट्यावर. 2025 च्या मोसमात त्याच्या धावा 269. त्यांतल्या 118 अखेरच्या सामन्यात, संघ स्पर्धेबाहेर गेल्यानंतर.

पंत वाईट खेळाडू आहे? मुळीच नाही. तो भाव त्याचा नव्हताच. दोन मालकांच्या चुरशीचा होता.

लासलगावच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कांदा तोच, आठवड्याभरात भाव वेगळा. चव बदलत नाही, आवक बदलते.

कोलकात्याचं पाहा. 2024 मध्ये विजेतेपद मिळालं, व्यंकटेश अय्यरने 370 धावा केल्या. त्याला आधी मोकळं केलं, मग लिलावात 23 कोटी 75 लाख मोजून परत आणलं. 2025 मध्ये धावा आल्या 142. डिसेंबर 2025 मध्ये तोच व्यंकटेश बंगळुरूला 7 कोटींत मिळाला.

धावा कालच्या, पैसे उद्याचे.

प्रत्येक महाग सौदा फसतो असं नाही. श्रेयस अय्यरसाठी पंजाबने 26 कोटी 75 लाख दिले. त्याने 604 धावा केल्या आणि संघाला अंतिम सामन्यात नेलं. पंजाबला कर्णधार हवा होता, त्यांनी कर्णधार घेतला. तिथे गरज आधी ठरली होती, आकडा नंतर आला.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये लिलाव नाही. करारातून मोकळा झालेला खेळाडू स्वतःच संघ निवडतो. न्यूयॉर्क मेट्सने डिसेंबर 2024 मध्ये हुआन सोटोशी 15 वर्षांचा करार केला, 76 कोटी 50 लाख डॉलरचा. 2025 मध्ये सोटोने 43 होमरन मारले. म्हणजे त्याने आपलं काम चोख केलं. तरी मेट्स बाद फेरीत पोचले नाहीत. एक फलंदाज सामन्यात चार-पाचदा बॅट हातात घेतो. बाकीचा सामना बाकीच्यांनीच खेळायचा असतो. आपल्या ट्वेन्टी-20 मध्ये गोलंदाजाच्या वाट्याला तर जेमतेम 24 चेंडू. सगळी थैली एकावर रिकामी केली, तर उरलेले चेंडू कोणाच्या भरवशावर टाकायचे?

आता स्वस्त खरेदी.

विरारचा आयुष म्हात्रे. त्याच जेद्दात त्याला कोणी घेतलं नाही. ऋतुराज गायकवाड जायबंदी झाल्यावर चेन्नईने मोसमाच्या मध्यावर त्याला 30 लाखांत बोलावलं. 17 वर्षांच्या पोराने सात सामन्यांत 240 धावा काढल्या, बंगळुरूविरुद्ध 48 चेंडूंत 94.

आणि नाशिक? जून 2023 मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ईगल नाशिक टायटन्सकडून अर्शिन कुलकर्णीने पुणेरी बाप्पाला 54 चेंडूंत 117 धावा चोपल्या, 13 षटकारांसह. सहा महिन्यांत लखनऊने त्याला 20 लाखांत घेतलं. होय, हेच लखनऊ. 2025 पर्यंत आयपीएलमध्ये त्याची बॅट तशी तळपलेली नव्हती. पण 20 लाखांचा अंदाज चुकला तर संघ बुडत नाही. 27 कोटींचा चुकला की बुडतो.

आपल्या नाशिकचा रामकृष्ण घोष 2024 मध्ये मूळ किमतीला, 30 लाखांत, चेन्नईकडे गेला. वेगवान गोलंदाजी टाकणारा अष्टपैलू. त्याच्यासाठी 31 वा लाख काढायला कोणी तयार नव्हतं.

मग चेन्नई शहाणी ठरली म्हणायची? डिसेंबर 2025 मध्ये तिनेच प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा यांच्यासाठी प्रत्येकी 14 कोटी 20 लाख मोजले. दोघांची मूळ किंमत 30 लाख. दोघांचा आयपीएलमध्ये तोवर एकही सामना झालेला नव्हता. पोरं गुणी असतील, मोठीही होतील. पण म्हात्रे 30 लाखांत सापडल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं!