पेटंटदाव्यांचे स्थलमाहात्म्य

पेटंट म्हणजे नव्या शोधाचे उत्पादन, वापर, विक्री आणि आयात यांवर शोधकर्त्यास वीस वर्षांपुरता मिळणारा अनन्य हक्क. तो कोणी मोडल्यास दाद कोठे मागावी, याविषयी कायदा वरकरणी निःसंदिग्ध आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० अन्वये प्रतिवादी जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथे, किंवा वादकारणाचा, म्हणजे ज्या घटनेमुळे दाव्याचा हक्क उत्पन्न होतो तिचा, एखादा अंश जेथे घडला असेल तेथे दावा चालतो. व्यापारचिन्हाच्या मालकास स्वतःच्या गावी दावा लावण्याची जी सवलत १९९९ च्या कायद्याने दिली, ती पेटंटधारकास मिळालेली नाही; परंतु जे औषध देशभर विकले जाते त्याच्या वादकारणाचा अंश, त्याची एक पट्टी ज्या दुकानात मिळते त्या प्रत्येक दुकानात घडत असल्याने, ही उणीव वादीस फारशी जाणवत नाही.

म्हणूनच स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीने मुंबईच्या सिप्लावर कर्करोगाच्या औषधासाठी दावा लावला तो दिल्लीत, आणि ग्लेनमार्क ही दुसरी मुंबईकर कंपनीही मधुमेहाच्या औषधापायी तेथेच खेचली गेली. दिल्ली उच्च न्यायालय हे पेटंटधारकांचे जागृत देवस्थान होय. त्याला मोठ्या रकमेचे दावे थेट स्वीकारण्याचा मूळ अधिकार आहे, २०२१ पासून बौद्धिक संपदेचा स्वतंत्र विभाग आहे, २०२२ पासून पेटंटदाव्यांची खास नियमावली आहे, आणि मुख्य म्हणजे अंतरिम मनाईहुकूम, अर्थात निकालापूर्वीच प्रतिवादीचा माल थांबवणारा आदेश, पदरात पडण्याची आशा आहे. रोशला मात्र २००८ मध्ये देव पावला नाही, कारण सिप्लाची गोळी रोशच्या सुमारे एकतृतीयांश किमतीत मिळते, ही गोष्ट न्यायालयाने रुग्णांच्या बाजूने मोजली. २०१५ मध्ये पेटंटचे उल्लंघन झाल्याचे ठरले, तेव्हा पेटंटची मुदत संपायला काही महिनेच उरले होते. एवढ्याने भाविकांची रांग घटली, असे मात्र दिसत नाही.

क्षेत्रमाहात्म्य वाढवण्याची कला टेक्सासकडून शिकावी. तेथील मार्शल हे जेमतेम पंचवीस हजार वस्तीचे गाव जलद सुनावणी आणि वादीस अनुकूल ज्युरी यांमुळे अमेरिकेच्या पेटंटदाव्यांची राजधानी बनले. ज्यांच्यातून ज्युरी निवडायचे त्या गावकऱ्यांसाठी सॅमसंगने न्यायालयासमोर बर्फावर घसरण्याचे रिंगण पुरस्कृत केले, हा केवळ कंपनीचा क्रीडाप्रेमी स्वभाव मानावा. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दाव्याची जागा आखडून टाकली, तेव्हा वारी त्याच राज्यातील वेको येथे वळली, जेथे एकच न्यायाधीश असल्याने दावा कोणापुढे जाणार हे आधीच ठाऊक असे. २०२२ मध्ये तेथील दावे अनेक न्यायाधीशांत सोडतीने वाटण्याचा आदेश निघताच बरेच भाविक पुन्हा मार्शलला परतले.

ठाणे जिल्ह्यातील बदलापूरजवळच्या चामटोली गावाचे पुण्यबळ या मानाने तोकडे आहे. बदलापूर व अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने असल्याने या पट्ट्यास प्रतिवादींचा तुटवडा नाही. अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिरही फार दूर नाही, मात्र तेथे मनाईहुकूम मिळत नाही. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली तेव्हा या परिसराकडे देशाचे लक्ष गेले, तथापि त्या हजारावर प्रवाशांनी मुक्कामाची जागा स्वतः निवडलेली नव्हती, आणि निवडीला वाव नसलेले ठिकाण पेटंटच्या वादीस कधीच भावत नाही. तरीही एखाद्या निष्ठावंताने चामटोलीतील उल्लंघनासाठी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाची पायरी चढलीच, तर पेटंटच रद्द करावे असा प्रतिदावा करण्याचा मार्ग प्रतिवादीस मोकळा असतो, आणि तो करताच कलम १०४ अन्वये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे वर्ग होते. तेव्हा जाणता वकील अशिलाला ठाण्याची वाट न दाखवता, दिल्लीतल्या एखाद्या दुकानातून मालाचा एक नग पावतीसह विकत घेण्यास सांगतो.