उभ्या गाडीचं चारित्र्य

पीयूसीवाल्याची नळी ही देशाच्या हवेची शेवटची तटबंदी आहे. पंपाच्या कोपऱ्यातल्या व्हॅनमधून ती बाहेर येते, सायलेन्सरमध्ये शिरते, पोरगा नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि गाडी निष्कलंक असल्याचा कागद हातात पडतो.

नळी हुंगते काय? पेट्रोलच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेलच्या गाडीत धुराचा काळेपणा. नायट्रिक ऑक्साइडशी तिची ओळखच नाही. त्याला रंग नाही. बाहेर पडून ओझोनशी गाठ पडली की त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि तो आपल्या छातीत उतरतो. नळी तोवर पुढच्या गाडीत.

बरं, उद्या तिला नायट्रिक ऑक्साइड हुंगायला शिकवला, तरी सापडेल कसा? हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन इंजिनातल्या भयंकर उष्णतेत एकत्र आले की हा वायू तयार होतो. म्हणजे भरलेला ट्रक खंबाटकीचा घाट चढत असतो तेव्हा हा वायू जोरात असतो. आपण ट्रक तपासतो तो न्यूट्रलमध्ये, पंपावर, उभा. फार तर जागच्या जागी रेस द्यायला लावून. मग खरी तपासणी करायची तर पोराने नळी घेऊन ट्रकमागे घाटात धावायला हवं. त्याच्यामागे कॉम्प्युटर घेऊन दुसरा, त्याच्यामागे प्रिंटर घेऊन तिसरा, आणि वळणावर क्लीनरने ओरडायचं, ‘‘भाऊ, फोटो काढला का? मग आम्ही गिअर टाकतो!’’ ते जमणार नाही म्हणून आपण उभ्या गाडीला विचारतो, तू पळताना घाण करतेस का? ती म्हणते, नाही. शिक्का.

कागदावर आपण कडकच आहोत. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. डिझेल मोटारीची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला 250 मिलिग्रॅमवरून 80 वर आली. पंपावरच्या व्हॅनमध्ये मात्र हा आकडा कोणी विचारत नाही.

आणि धुराडी? कोळशावरच्या वीजकेंद्रांना डिसेंबर 2015 मध्ये मर्यादा घातल्या, दोन वर्षांत पाळा म्हणून. मुदत वाढली. परत वाढली. 2003 ते 2016 दरम्यान बसवलेल्या संचांना नायट्रोजन ऑक्साइडचे घनमीटरला 300 मिलिग्रॅम जड जातंय म्हटल्यावर 2020 मध्ये ते 450 करून दिलं. धूर तोच, गुन्हा गायब! इकडे दूधवाल्याच्या मोटारसायकलची पीयूसी चार दिवसांपूर्वी संपली, तर कायद्यात 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, वर तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. त्याला कधी कोणी खुर्ची देऊन, चहा पाजून विचारलंय का, ‘‘बोला दूधवाले, तुम्हाला किती झेपेल? तेवढीच मर्यादा ठेवू.’’