वडाळ्याला मूठ उगारता येत नाही

भांडकुदळ माणसाला इंग्रजीत ‘पग्नेशस’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्द ‘पग्नस’, म्हणजे मूठ. ज्या रोमनाने हा शब्द घडवला त्याने संध्याकाळी वडाळा रोडला पनवेल गाडी पकडलेली नव्हती, हे उघड आहे. तिथे मूठ वळता येते, उगारता येत नाही. एक हात वरच्या कडीत, दुसरा छातीवरच्या बॅगेवर. आणि वळलेली मूठ आपलीच आहे, याचीही खात्री नसते.

त्यामुळे हार्बरवर चालतो तो ‘बेलिकोज’. ‘बेलम’ म्हणजे युद्ध, आणि ते तोंडानेही लढता येतं. गोरेगाव समजून पनवेलला चढलेला एक जण गाडी सुटता सुटता बाहेर पडू बघतो, दारातला हलत नाही.

“ओ, उतरू द्या ना!”

“चढताना डोळे घरी ठेवले होते का?”

“दार काय विकत घेतलंय?”

एवढ्यात जीटीबी नगर येतं. खरा ‘बेलिजरंट’ मात्र निराळाच. ‘युद्ध चालवणारा’ असा त्याचा मूळ अर्थ. तो खिडकीशी ऐसपैस बसलेला असतो, भांडणाशी त्याचा काडीचा संबंध नसतो, आणि दर दोन मिनिटांनी म्हणतो, “सोडू नका हां त्याला!”

‘कोलेरिक’ मात्र मला घरचा वाटतो. ग्रीक ‘खोले’ म्हणजे पित्त; कॉलराही त्याच कुळातला. ग्रीक वैद्यांनी शरीरात चार रस मोजले, आपल्याकडे दोष तीनच. पण पित्त खवळलं की माणूस खवळतो, यावर दोघांचं एकमत. अथेन्सला कोकम सरबत मिळत नसणार, नाहीतर हा शब्द जन्मलाच नसता.

‘बर्सर्क’ म्हणजे अस्वलाचं कातडं पांघरलेला, असं बहुतेक कोशकार सांगतात. बेभान होऊन लढणारे ते नॉर्स योद्धे. मे महिन्यात वडाळ्याच्या पुलावर साधा टेरिकॉटचा शर्ट पुरतो.

इंग्रजीच्या या भांडारात आपलीही भर आहे: ठग. 1830च्या दशकात विल्यम स्लीमनच्या मोहिमेमुळे हा शब्द विलायतेत गाजला आणि तिकडे सरळ हाणामारी करणारा गुंड होऊन बसला. आपला ठग अजून गोडच बोलतो. परवा चेंबूरला बहिणीकडे जाताना दोघांची जुंपली, तेव्हा मध्ये पडून “जाऊ द्या हो, माणसं आहोत आपण” म्हणणारा तो एकटाच होता. कुर्ल्याला उतरताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “काका, खिसा-पाकीट सांभाळा.”

पाकीट सांभाळलं. मोबाईलबद्दल तो काही बोलला नव्हता.