तिकीट आण्णांकडे आहे

सत्ताविसाव्या वर्षी माणसानं समाधानी असू नये, असा आमच्या कडा गावात दंडक आहे. या वयाचं पोरगं एक तर पुण्यात नोकरी शोधत असावं, नाहीतर गावात स्थळ शोधत असावं. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरी बसून करतो, दोन्ही वेळेला आईच्या हातची भाकरी खातो, संध्याकाळी स्टँडवर चहा पितो आणि रात्री पाठ टेकली की झोपतो. गावाला एवढी लक्षणं पुरली. निदान झालं: कंपनीनं काढलं. लॉकडाऊनात लॅपटॉप घेऊन आलेला पोरगा परत गेलाच नाही, याचा दुसरा अर्थ काय होणार? एका शंकेखोर काकांना मी मोबाइलवर पगाराचा मेसेज दाखवला. ते हळहळून म्हणाले, "असूं दे बाबा. आजकाल मोबाइलवर कायबी बनवता येतंय."

पुण्यातल्या मित्रांचं निदान वेगळं होतं. त्यांच्या मते मी अडकलो होतो. उपाय म्हणून त्यांनी हिमाचल सुचवलं. तिथं डोंगरात एकट्यानं राहिलं की स्वतःचा शोध लागतो म्हणे. अडचण अशी की शोध लागायला आधी हरवावं लागतं, आणि आमच्या घरात हरवायची सोय नाही. मोरीत दहा मिनिटं जास्त लागली तरी काकू दार वाजवते.

म्हणून हिमाचल राहिलं आणि आम्ही नगरला निघालो. रेल्वेनं. बारा जण.

या रेल्वेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला १९९५ साली. मी जन्मलो, बालवाडीत गेलो, दहावी झालो, इंजिनियर झालो; रेल्वे दर निवडणुकीला येत होती आणि मतदान झालं की जात होती. अखेर २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगरहून नवीन आष्टीपर्यंत ६६ किलोमीटर ती खरोखरच धावली आणि कड्याला स्टेशन मिळालं. बीड गाठायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. मुहूर्त मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं ते याच तारखेला, आणि आमची आजी जन्मली तीही त्याच साली. त्यामुळे निजाम, रेल्वे आणि स्वतः, असा तिघांचा हिशेब ती एकत्रच मांडते. "निजाम चार दिवसात गेला," ती म्हणते, "ही बया यायला म्हतारी केली मला."

आजीला रेल्वेत बसायचं होतं. कुठं जायचं, हा प्रश्न तिच्या लेखी गौण होता. संक्रांतीच्या आधीचा एक दिवस ठरला. जाताना रेल्वे, येताना एसटी.

आता आण्णा. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. घरातली कुठलीही महत्त्वाची वस्तू, सातबारा, गॅसचं पुस्तक, कपाटाची किल्ली, आण्णांच्या कोपरीच्या आतल्या खिशात असते. त्या खिशावर आमच्या घराचा कारभार चालतो. तिकिटं काढली आण्णांनी, ठेवली आण्णांनी, आणि "हरवाल" म्हणून कोणाला पाहूसुद्धा दिली नाहीत.

गाडी कड्याहून सुटली. आजी खिडकीशी, तिच्या शेजारी काकू, काकूच्या मांडीवर धपाट्यांचा डबा. बाहेर शाळू पोटरीला आलेला, मधूनच कांद्याचे हिरवे वाफे, तुरीच्या वाळल्या ओळी. ही सगळी रानं आम्ही जन्मभर रस्त्यावरून पाहिलेली, तरी दादा, म्हणजे माझे वडील, प्रत्येक विहिरीकडे बोट दाखवून ती कोणाची ते सांगत होते. आजी खिडकीचा गज धरून बसली होती. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध फाटून दोन भागात वाढलेलं आहे. ऊन त्यावर पडलं होतं.

पुढच्याच स्टेशनवर, नवीन धानोऱ्याला, घात झाला.

फलाटावर एक इसम उभा होता. आण्णांनी त्याला पाहिलं आणि त्यांचे डोळे बारीक झाले. या इसमानं आण्णांकडून म्हैस घेतली होती आणि निम्मे पैसे पुढच्या बाजारी देतो असं सांगितलं होतं. ती म्हैस त्यानंतर तीनदा व्याली. "आलोच," म्हणून आण्णा उतरले. आम्हाला खिडकीतून दिसत होतं: आण्णा हात हलवताहेत, तो इसम आभाळाकडे बघतोय, आण्णा त्याच्या छातीवर बोट ठेवताहेत. मग शिट्टी झाली आणि हे सगळं दृश्य मागं सरकू लागलं. आण्णांची पाठ गाडीकडे होती. वसुलीत असताना ते मागं बघत नाहीत.

"आण्णा!" अकरा जणांनी हाक मारली. फलाटावरच्या बाकीच्या सगळ्या माणसांनी वळून पाहिलं.

मी लगेच फोन लावला. रिंग अगदी स्पष्ट ऐकू आली. पुतणीच्या मांडीवरून. सकाळपासून ती आण्णांच्या मोबाइलवर फुगे फोडत होती.

क्षणभर शांतता झाली आणि मग वहिनी म्हणाली, "तिकिटं?"

तिकिटं धानोऱ्याला होती. कोपरीच्या आतल्या खिशात.

इथून पुढं प्रत्येकाला आपापला स्वभाव सापडला. काकूनं नवऱ्याची चिंता न करता धपाट्यांचा डबा उघडला, कारण "आता ते यीपर्यंत गार व्हतील." आत्या रडायच्या तयारीत होती, कोणासाठी, ते ठरायचं होतं. चुलतभाऊ साखळीकडे बघत होता. आई त्याच्या हाताकडे बघत होती. दादा म्हणाले, "काय नाय व्हत." दादांनी हे वाक्य दुष्काळातही म्हटलं होतं.

निकाल आजीनं दिला. ती गज सोडून उठली. "उठा समदे," म्हणाली. "तिकीट नाय त बसायचं नाय."

"आजी, तिकीट काढलंय. फक्त आण्णांकडं आहे."

"दिसतंय का?"

"नाही."

"मंग ऊठ."

मी तिला समजावू लागलो की पैसे भरलेत म्हणजे तिकीट झालंच, कागद कुठं आहे याला फार महत्त्व नाही. "आता माझा पगार बघ. हातात दिसतो का? पण खात्यात असतोच ना?"

आजी माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. "पगार हाय का अजून?" तिनं हळूच विचारलं.

आम्ही उभे राहिलो. अख्खं खानदान, अकरा जण, दांड्यांना आणि एकमेकांना धरून. समोर बाकडी रिकामी. सोलापूरवाडीला चढलेली माणसं आत आली, आधी बाकड्यांकडे आणि मग आमच्याकडे बघून थबकली. "ओली हायेत का?" एका बाईनं विचारलं. एक आजोबा बाकड्याखाली वाकून पाहून आले. शेवटी आम्ही बसत नाही म्हणजे काहीतरी कारण असणार, या विचारानं तेही आमच्याजवळ उभे राहिले.

तेवढ्यात डब्याच्या दुसऱ्या टोकाकडून पांढरा शर्ट, काळी पँट घातलेला माणूस आमच्या रोखानं येऊ लागला. आत्यानं देवाचं नाव घेतलं. वहिनीनं पोरांना पदराआड घेतलं. आजी मात्र ताठ झाली. "मुकादम आला वाटतं," म्हणाली. "मी बोलते. तुमी गप ऱ्हावा."

पांढरा शर्ट थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला नीट न्याहाळलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तूच ना रे तो कड्याचा? पुण्यातून काढलेला?"

मी कधी नव्हे ते हो म्हणालो. इतकं हलकं वाटलं की विचारू नका. त्यानं मला त्याच्या मेव्हण्याच्या दुकानात हिशेब लिहायची नोकरी देऊ केली आणि तो आमच्यात उभा राहिला.

आजी अजून मुकादमाच्या विचारात होती. गाडीत कोणी तपासायला आलं की तिला दुसरा शब्दच आठवत नाही. जन्मात जेवढा प्रवास केला तो सगळा ऊसतोडीच्या मुकादमाच्या ताब्यात. दिवाळी झाली की ट्रक यायचा. उचल घेतलेली असायची, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता. आजही आमच्या तालुक्यातल्या किती वस्त्यांना त्या दिवसांत कुलपं लागतात. "खाली भांडी," आजी सांगू लागली, "त्यावर ज्वारीची पोती, त्यावर लेकरं. आमाला बसायला कुठं जागा? उभ्यानंच जायचो, कोल्हापूर येईस्तवर. तुझा बाप पोत्यावर निजलेला." मग कारखान्याच्या रानात पाचटाची कोपी, पहाटेच्या थंडीत फड, मोळ्या. अंगठ्यावर कोयता बसला तो तिथंच. चिंधी बांधून त्याच दिवशी तिनं गाडी भरली, कारण खाडा पडला तर पैसे कापायचे.

हे मी पूर्वी ऐकलेलं होतं, पण घरी बसून. दादा खिडकीबाहेर बघत होते. या वेळी त्यांनी कोणाची विहीर ते सांगितलं नाही.

"कामाबिगर," आजी म्हणाली, "पयल्यांदाच चाललेय कुठं."

मला एकदम राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही. हिमाचलचा असेल, आण्णांचा असेल, रिकाम्या बाकड्यांचा तर होताच. मी आजीला दंडाला धरलं आणि खिडकीशी बसवलं. "मुकादम आला तर माझ्याकडं पाठव," म्हणालो. तिनं थोडी कुरकुर केली. मग पदरानं बाकडं पुसलं, पाय वर घेतले आणि मांडी घालून ऐसपैस बसली. बाकीच्यांना बसायची परवानगी काही तिनं दिली नाही. नारायणडोह गेलं तेव्हा माझ्या एका हातात आजीची पिशवी होती, दुसऱ्या हातावर पुतणी झोपली होती, पायावर चुलतभावाचा पाय होता, आणि मला काही म्हणजे काहीही नको होतं. डोंगरात ध्यानाला बसून मित्र जे आणतात ते बहुतेक हेच असावं, फक्त त्यांना बसायला मिळतं.

नगरच्या फलाटावर आण्णा उभे होते.

म्हशीवाल्यानं पैसे दिले नव्हते. त्याबदली मोटरसायकलवर बसवून डांबरी सडकेनं आण्णांना नगरला पोचवलं होतं. गाडीच्या आधी येऊन, एक चहा पिऊन, आण्णा तिकिटं हातात धरून तयार होते. आम्हाला पाहताच ते कडाडले, "मी उतरलो तर तुमी का नाय उतरलात? अक्कल हाय का?"

यावर काकूनं त्यांना धपाटं दिलं. गार झालेलं.

नगर पाहिलं. माळीवाड्याचा विशाल गणपती पाहिला. ज्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ नेहरू कैदेत होते आणि जिथं त्यांनी भारताच्या शोधावरचं पुस्तक लिहिलं, तो भुईकोट किल्ला बाहेरून पाहिला. शोध लागायला तिथं सरकारनंच कोंडून ठेवलं होतं, त्यामुळे मला ते पटलं. कापड बाजारात आत्या, आई आणि वहिनी गेल्या त्या अंधार पडताना उगवल्या. एसटीत सगळ्यांना बसायला जागा मिळाली. कंडक्टरनं तिकिटं आण्णांच्या हातात दिली, आजीनं ती आण्णांच्या हातातून घेतली आणि वाटून प्रत्येकाच्या हातावर ठेवली.

आता तिला परळी हवी आहे. बीडपासून पुढचं काम बाकी आहे, हे मी तिला सांगितलं. वैजनाथाला रेल्वेनं गेल्याशिवाय मरत नाही, असं तिनं जाहीर केलंय, आणि तोवर माझं लग्न उरकावं, अशी पुरवणी मागणीही मांडलीय. दोन्ही कामं प्रगतिपथावर असल्याचं मी कळवलं आहे.