काकांचं साल २००९

बँकेच्या साइटऐवजी पडद्यावर लाल त्रिकोण उगवला की आमच्या सोसायटीत पहिला फोन मला येतो. बँकेला नाही, सायबर पोलिसांना तर नाहीच. मला संगणकातलं कळतं अशी अफवा कोणीतरी उठवली आहे, आणि फुकटचा चहा मिळतो म्हणून मीही ती खोडून काढलेली नाही. तुमचं कनेक्शन खाजगी नाही, हल्लेखोर तुमचे पासवर्ड चोरण्याच्या प्रयत्नात असू शकतात, असं ब्राउझर बजावतो. त्यातलं 'असू शकतात' कोणी वाचत नाही. 'हल्लेखोर' दिसला की माणसं आधी दाराची कडी लावून येतात.

मला मात्र या त्रिकोणामागे हल्लेखोर अजून भेटलेला नाही. भेटतो तो उतरलेला सेल, लग्नाच्या हॉलमधलं वायफाय, नाहीतर रजेवर गेलेले साहेब.

सेलचं प्रकरण दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडचं. पेन्शनचा हिशेब बघायला बसले, तर पडद्यावर 'प्रमाणपत्र वैध नाही'. मी पोचलो तेव्हा काका कपाटातून स्वतःचा हयातीचा दाखला काढून हातात धरून उभे होते. "गेल्याच महिन्यात दिलाय रे. मी आहे की अजून!" काकूंनी आतून दुजोरा दिला.

मी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली पाहिलं. १ जानेवारी २००९.

साइटचं प्रमाणपत्र म्हणजे आपल्या साक्षांकित प्रतीचाच प्रकार. साइट आपला कागद पुढे करते, त्यावर एका अधिकाऱ्याची सही असते, तो अधिकारी खरा आहे याला त्याच्या वरच्याची सही असते. सगळ्यात वरच्या मोजक्या मंडळींची नावं संगणकात किंवा ब्राउझरमध्ये आधीच भरलेली असतात. सह्यांची साखळी तिथवर पोचली, कागदावरचं नाव पत्त्याशी जुळलं आणि आजची तारीख मुदतीत बसली, की ब्राउझर तोंडातून चकार शब्द काढत नाही. इथे घोडं तारखेवर अडलं होतं. संगणकाच्या लेखी साल २००९, आणि साइटचा कागद तर आत्ता-आत्ताचा. म्हणजे तो अजून जन्मालाच यायचा होता. मुदत संपली म्हणून परत आलेले अर्ज मी आयुष्यभर पाहिले. मुदत सुरू व्हायची आहे म्हणून परत आलेला हा पहिलाच.

काका वीज वाचवण्यासाठी रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायला मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. (२० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी म्हणून २०३२. इतकं सरळ नाव ठेवणारा माणूस संगणकाच्या धंद्यात टिकला कसा, कोण जाणे.) तो उतरला होता, त्यामुळे संगणक रोज सकाळी २००९ मध्ये जागा व्हायचा. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून सेल आणून बसवला. काकांनी जुना फेकू दिला नाही. कॅल्क्युलेटरला चालेल म्हणाले.

हॉलमधल्या वायफायची गंमत वेगळी. आपण बँकेच्या नावाने हाक मारतो आणि 'ओ' देतो हॉलचा राउटर. त्याला आधी आपला मोबाइल नंबर हवा असतो. आवाज बँकेचा नाही हे ब्राउझर ओळखतो आणि बोंब मारतो. त्याचं चुकत नाही. अशा वेळी नेव्हरएसएसएल डॉट कॉमसारखी बिनकुलपाची साइट उघडली की राउटरचं लॉगिनचं पान समोर येतं. आणि बऱ्याच बँकांच्या साइटवर 'तरीही पुढे जा' ही ओळ ब्राउझर दाखवतच नाही. पुष्कळ लोक ही माझ्याकडे तक्रार म्हणून घेऊन येतात.

सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा शिक्काच चोरीला गेला तर काय होतं, हे २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये दिसलं. डिजिनोटार नावाच्या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीत घुसून कोणीतरी पाचशेहून जास्त खोटी प्रमाणपत्रं काढली. त्यातलं गूगलच्या नावाचं इराणमधल्या लोकांचं टपाल फोडायला वापरलं गेलं. सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं वाजलं. आपणही मागे नव्हतो. २०१४ च्या जुलैत आपल्या सरकारी एनआयसीच्या यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं. तेव्हा त्रिकोणाला अगदीच हसू नये. पण त्याची भीती मोडायचं काम आपल्या कचेऱ्यांनीच मनावर घेतलं, त्याला कोण काय करणार?

एका निमसरकारी कचेरीच्या साइटवर पावती काढायची होती. प्रमाणपत्राची मुदत संपलेली. फोन केला.

"लाल येतंय ना?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"हो."

"मग बरोबर साइटवर आहात. 'ॲडव्हान्स्ड' दाबा, खाली बारीक अक्षरात 'पुढे जा' येईल."

"अहो, पण मुदत संपलीये त्याची."

"साहेब रजेवर आहेत. आले की करतील. दरवर्षीचंच आहे ते."

मी त्यांना पुढची बातमी दिली. या प्रमाणपत्रांची मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवस असायची. ती टप्प्याटप्प्याने उतरवायची, आणि मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस ठेवायची, असं ब्राउझरवाल्यांनी आणि प्रमाणपत्रवाल्यांनी मिळून ठरवलं आहे.

"सत्तेचाळीस?" बाई हादरल्या. "अहो, आमची मंजुरीची फाईलच तेवढ्यात परत येत नाही! साहेबांनी काय रजाच घ्यायची नाही?"

मी म्हटलं, घाबरू नका, यंत्रच परस्पर नूतनीकरण करून घेतं. लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्था २०१५ पासून हे फुकट करून देतायत. टेंडर नको, फाईल नको, साहेबही नकोत.

"आपोआप होतं?" बाईंचा आवाज आता खरोखर कडक झाला. "मग त्याला जावक क्रमांक कोण देणार?"