चाळीस हजारांत संगणक: उज्जैनकर नवशिक्यांसाठी पहिला पाठ

१. बजेट. चाळीस हजार रुपये ठरवा आणि घरात तीस सांगा. कारण 'अभ्यासासाठी' एवढेच द्या. गेमचे नाव काढू नका. धाकटी बहीण ते काढेलच.

२. बाजार. आधी फ्रीगंजमध्ये भाव विचारा, मग पंचावन्न किलोमीटरवर इंदूरच्या सिल्व्हर मॉलला जा. तिथे फ्रीगंजचा भाव थोडा उतरवून सांगा. तुम्ही तो उतरवला आहे हे दुकानदाराला ठाऊक असते, तरी दोघांनी गंभीर राहायचे असते. बसभाडे आणि पोहे-जलेबीचा खर्च बचतीतून वजा करू नका, नाहीतर बचतच उरणार नाही. शेवटी "बिल लगेगा क्या?" असे विचारले जाईल. मोह १८ टक्के जीएसटी वाचवण्याचा आहे, तो आवरा. पक्क्या बिलाशिवाय वॉरंटी मागायला गेलात, तर तोच दुकानदार तुम्हाला ओळखणार नाही.

३. प्रोसेसर. इंटेलच्या आकड्यापुढे 'एफ' दिसला की भाव उतरतो आणि मन हरखते. या 'एफ'वाल्यात ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड घेतले नाही, तर पंखे फिरतील, दिवे लागतील आणि पडदा काळाच राहील. कार्डाला पैसे नसतील, तर रायझन ५६००जीसारखा, आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या.

४. मदरबोर्ड आणि रॅम. लग्नाच्या पत्रिकेत छत्तीसांपैकी अठरा गुण जुळले तरी बार उडतो. इथे छत्तीसच्या छत्तीस जुळावे लागतात. एएम४ सॉकेटचा प्रोसेसर एलजीए१७०० सॉकेटच्या बोर्डावर बसणार नाही. डीडीआर४ची पट्टी डीडीआर५च्या जागेत जाणार नाही, दोन्हींची खाच वेगळ्या ठिकाणी असते. "थोडा दबाके देखो" म्हणणाऱ्या मित्राला चहा आणायला पाठवा. सोळा जीबी हवी असेल, तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या. आतल्या ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा होतो. २०२५च्या अखेरीपासून एआयची डेटा सेंटरे मेमरी ओढून घेत असल्याने रॅम महागली आहे. तुमची घासाघीस आता थेट त्यांच्याशी आहे.

५. एसएमपीएस. बजेट संपते ते इथेच. समोर काचेचे कॅबिनेट असते, सात रंगांचे पंखे असतात, आणि दुकानदार म्हणतो, "एसएमपीएस साथ में फ्री." त्या फुकट डब्यावर ५०० वॉट छापलेले असते, आणि छापायला वीज लागत नाही. मे महिन्यात उज्जैनचा पारा चाळिशी ओलांडतो, वीज येते-जाते, आणि सगळ्या भागांना तोच डबा वीज पुरवतो. तो जळताना कधी कधी मदरबोर्डलाही सोबत नेतो. रंगीत पंख्यांनी वेग वाढत नाही, फक्त चुलतभावांत वट वाढते. ते पंखे सोडा आणि ती रक्कम '८० प्लस ब्राँझ'च्या नावाजलेल्या एसएमपीएसला द्या. पाहुणे त्याचे कौतुक करणार नाहीत, त्याची तयारी ठेवा.

६. जोडणी. घरचे मुहूर्त काढतील. काढू द्या, तेवढ्यात मॅन्युअल वाचून होते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. मग मागची पत्र्याची आयओ शील्ड सर्वांत आधी बसवा. नवशिक्याला ती शेवटचा स्क्रू आवळल्यावर आठवते आणि तो सगळे स्क्रू पुन्हा काढतो. रॅम 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा. मशीन सुरू झाले नाही, तर नारळ फोडण्याआधी ती काढून परत बसवा.

७. वेळ. बोर्ड जुना घेतला असेल, तर त्यावरचा सीआर२०३२ हा बटणाएवढा सेल पाहा. तो संपला की प्लग काढताच घड्याळ मागे जाते. प्राचीन ज्योतिषांनी भारताची मध्यरेषा या अवंतीतून, म्हणजे उज्जैनमधून, धरली, सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात इथे वेधशाळा बांधली, आणि महाकालाच्या या नगरीत तुमचे मशीन भलत्याच वर्षाचा १ जानेवारी दाखवत बसते. तारीख चुकली की ब्राउझर बँकेचे संकेतस्थळही असुरक्षित ठरवतो. अशा वेळी विंडोज पुन्हा टाकू नका, व्हायरसलाही दोष देऊ नका. सेल बदला. मेकॅनिकही तेच करतो, फक्त आधी दोन दिवस मशीन ठेवून घेतो.